पालथा फोन

बोंद्रेसाहेबांनी तपासणीचं बटण दाबलं आणि त्यांचा अख्खा फोन रेवतीच्या फोनवर उघडला. कायदाच तसा होता. साहेब जितका वेळ कर्मचाऱ्याचा फोन बघणार, तितका वेळ कर्मचाऱ्यालाही साहेबांचा फोन दिसणार.

पण औषधाच्या गोळ्या पॅक करणाऱ्या या कारखान्यात रीतच पडली होती. तपासणी सुरू झाली की बायका आपला फोन टेबलावर पालथा घालायच्या. साहेबांचं खासगी आपण कशाला बघायचं! गेल्या महिन्यात शुभदानेही तेच केलं. साहेबांना तिच्या फोनमध्ये सोनोग्राफीचा रिपोर्ट सापडला आणि आठवड्याच्या आत तिचं काम गेलं.

रेवतीलाही तिसरा महिना होता. तिने फोन हातातच ठेवला.

"पालथा घाल ना," बोंद्रे म्हणाले.

"नाही साहेब. तुम्ही बघा निवांत, मीपण बघते." तिने साहेबांना आलेला मालकांचा मेसेज उघडला आणि मोठ्याने वाचायला लागली, "शुभदाला काढल्याचं खरं कारण लिहू नका, कामचुकारपणा दाखवा..."

बोंद्रेंनी घाईघाईने तपासणी बंद केली.

पुढचा नंबर प्रमिलाताईंचा होता. त्यांनी शांतपणे चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि फोन डोळ्यांसमोर धरला.

"हं साहेब, करा सुरू."