मागची सीट

सेल्समन स्पीड, रेंज, स्पोर्ट मोड असं धडाधड सांगत सुटला होता. काका मात्र प्रत्येक इलेक्ट्रिक स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून डोळे मिटून घेत होते.

"काका, पुढे बसून बघा की!"

"पुढे ही बसणार." काकांनी हेल्मेट चढवणाऱ्या काकूंकडे बोट दाखवलं. "माझं चालवणं डॉक्टरांनी बंद केलंय."

सगळ्यांत दमदार गाडी काकूंनी ट्रायलला काढली. ना घरघर, ना धूर. रस्ता पाण्यासारखा खालून वाहत होता, झाडं हळूच मागे सरत होती. आपण तरंगतोय, असंच काकांना वाटलं. तेवढ्यात वळण आलं आणि त्यांचा पाय आपोआप खाली दाबला गेला.

काकू मागे न बघताच म्हणाल्या, "तिथला ब्रेक लागत नाही हो. मी जन्मभर दाबून बघितलाय."