आईने जपलेले फोटो

"आई गेली आणि तिने जपलेले फोटो या बयेने उडवले! सगळे परत काढा," म्हणत त्याने बायकोला मानगुटीला धरून कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात ढकललं. तिच्या फुटलेल्या ओठातून रक्त गळत होतं.

दुरुस्तीवालीने त्याने काउंटरवर आपटलेला पेनड्राइव्ह जोडला. तासाभराने एकेक फोटो स्क्रीनवर यायला लागला. आई कुठेच नव्हती. दर फोटोत बायकोच होती: काळानिळा गाल, भाजलेला तळहात, पिरगळलेलं मनगट. आणि शेजारी त्या-त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरलेला एक सुरकुतलेला हात. त्या हातातली आईची अंगठी त्याने लगेच ओळखली.

"उडवा... उडवा सगळे," तो कसाबसा म्हणाला.

 

दुरुस्तीवालीने काउंटरवरचं वर्तमानपत्र त्याच्या बायकोच्या चेहऱ्याशेजारी धरलं आणि मोबाइल उचलला. "ताई, इकडे बघा. आजचा राहिलाय."