टॅन्सीचा बाबा

टॅन्सी एकटीच आत आली. रविवारची दुपार, पबमध्ये जेवणं रंगात आलेली, आणि ती दारातच उभी राहिली. मानेपर्यंत ओली, गळ्यातल्या पट्ट्याची दोरी मागे फरपटत. अंग झटकायचंसुद्धा विसरली होती.

"हिचा बाबा कुठंय?" मालकीण लोरेनने काउंटरमागून विचारलं.

बाहेर समुद्रावरून धुकं चढत होतं. भरती लागून बराच वेळ झाला होता.

"ओहोटीला वाळूवरून चालत बेटाकडे निघालेला बघितला मी," म्हातारा नॉर्मन ग्लास खाली ठेवत म्हणाला. "म्हटलं, वेळेत परत फिर बाबा. हसला नुसता."

लोरेनने बचाव नौकेला फोन लावला. पलीकडून नाव विचारलं. तिने फोनवर हात धरला. "अरे, नाव काय त्याचं?"

आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

नऊ वर्षं तो रोज येत होता. टॅन्सीला कोंबडी सोसत नाही, तिच्या मागच्या पायाचं ऑपरेशन झालंय, ती मेघगर्जनेला घाबरते, हे सगळ्यांना तोंडपाठ. कुत्र्याचं नाव पहिल्याच दिवशी विचारायचं. माणसाचं विचारणं म्हणजे आमच्याकडे आगाऊपणा. न विचारण्याला आम्ही सभ्यपणा म्हणतो. मला त्याची आता लाज वाटते.

"टॅन्सीचा बाबा," लोरेन फोनमध्ये म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

नौका यायला वीस मिनिटं लागणार होती. ताटं तशीच टाकून आम्ही सगळे बाहेर धावलो. पायऱ्या उतरल्या की वाळू सुरू होते. आता तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी होतं. धुक्यात त्याला किनाऱ्याची दिशा कळावी म्हणून ओरडायला हवं होतं. पण हाक काय मारायची?

"तिचंच नाव घ्या!" नॉर्मन म्हणाला. "त्या नावाला तो ओ देईल."

"टॅन्सी! टॅन्सी!" आम्ही वीसेक माणसं समुद्राकडे तोंड करून ओरडू लागलो. प्रत्येक हाकेला टॅन्सी मान वर करून आमच्याकडे बघत होती. ती तर तिथंच होती.

मग धुक्यातून शिट्टी आली. दोन छोट्या, एक लांब. त्याचीच. या शिट्टीसरशी ती समोरचं खाणं सोडून धावत सुटायची.

"ऐकलंस का गं? बाबा आला तुझा!" लोरेनने तिला मिठीच मारली.

टॅन्सी जागची हलली नाही.

शिट्टी पुन्हा आली, या वेळी बरीच जवळून. पाण्यात हातपाय मारल्याचा आवाज मात्र नव्हता. टॅन्सी लोरेनच्या मिठीतून निसटली. शेपूट पोटाशी घेऊन, पोट जमिनीला घासत मागे सरकली आणि नॉर्मनच्या बुटांमागे जाऊन थरथरत बसली.

तिसरी शिट्टी थेट पायऱ्यांखालून आली. तिथं नुसतं पाणी होतं.

नॉर्मनने हळूच डोक्यावरची टोपी काढली.