अकरा खडे

वर्षाराणीनं लिंबाच्या पारावर मडकं उपडं केलं. दहा खडे पांढरे निघाले, एक काळा.

"आता गं बया!" लक्ष्मीबाई ओरडली आणि तिनं बानूबाईचा हात घट्ट धरला. बानूबाईची नजर त्या काळ्या खड्यावरून हलेना. बाकीच्या दहांकडे तर कुणी बघितलंसुद्धा नाही. वसाहतीचं सगळं बघणारी वर्षाराणी, तिनं मान खाली घालून ते गोळा केले आणि परत मडक्यात टाकले.

"आजी, माझ्या हातात काही नाही हो," ती म्हणाली.

येरमाळ्याबाहेर, हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर ही म्हाताऱ्यांची वसाहत. बारा खोल्या, मधे पार, एका अंगाला भजनाचा मांडव. खोली रिकामी झाली की नवा माणूस आधी महिनाभर ओळखीच्याकडं राहतो. सगळ्यांबरोबर भजनाला बसतो, शेंगा फोडतो, सकाळच्या व्यायामाला हात वर करतो. मग उरलेली अकरा माणसं मूठ झाकून एकेक करून मांडवात जातात आणि मडक्यात खडा टाकतात. माणूस हवा असेल तर आपल्या देव्हाऱ्यातला, येडाई देवीच्या यात्रेतून आणलेला पांढरा खडा. नको असेल तर मडक्याशेजारच्या पाटीतला काळा. सगळे पांढरे निघाले की ते कुटून नव्या माणसाच्या उंबऱ्याला चुना लावायचा. एक जरी काळा निघाला, तर त्यानं बोचकं उचलायचं. तोंडावर नाही म्हणायला नको, म्हणून म्हाताऱ्यांनीच काढलेली ही रीत. भांडणं त्यानं टळतात असं मात्र नाही.

या खेपेचं नवं माणूस म्हणजे बानूबाई, महिनाभर लक्ष्मीबाईच्या खोलीत राहिलेली. या खेपेचे खडे तर खुद्द तिनंच आणले होते. चैत्री यात्रेत चुन्याच्या रानात जाऊन वेचायला वसाहतीतल्या कुणाचेच गुडघे तयार नव्हते. ती एकटी उन्हात गेली, अकरा खडे वेचले आणि घरोघर नेऊन दिले. लक्ष्मीबाईचा तेवढा निवडून आणला, तांबड्या रेघेचा. "तुजा येगळा गं," असं म्हणून तिच्या हातावर ठेवला होता.

"ह्यो बिभीषणच," खोलीत पाऊल टाकताच लक्ष्मीबाई म्हणाली. "दुसरं कोन असनार? दात धरून व्हता त्यो."

ते खरं होतं. बिभीषण वसाहतीचा पखवाजवाला. दुसऱ्याच गुरुवारच्या भजनात बानूबाई सगळ्यांदेखत बोलून गेली होती, "भाऊ, ताल सुटतोय." बिभीषणानं पुढं दोन दिवस पखवाजाला हात लावला नव्हता.

"येवढ्याशा बोलन्यावर?" बानूबाई खाली बसली. "पुतन्यानं माजी बाज बी काढून टाकलीया गं तितली. आता कुठं जाऊ म्या?"

तिला रडू येत नव्हतं. राग येत होता. महिनाभर तिनं कुणाचं मन मोडलं नव्हतं. उलट सांभाळलंच होतं. लक्ष्मीबाईनं इथं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, तेरखेड्याला आपला तीस एकरांचा मळा होता, हाताखाली गडी होते. शेंगा फोडताना बायकांनी बानूबाईला विचारलं, "तुमी एकाच गावच्या न्हवं? खरं का वो ह्ये?" मळा कुठला आणि गडी कुठले! दोघींनी बावीस वर्षं एकाच शेडात फटाक्याच्या वाती वळल्या होत्या. पण बानूबाई पापणीही न हलवता म्हणाली, "व्हय तर. इहिरीला पानी लई." लक्ष्मीबाई त्या दिवशी घासभर कमीच जेवली. गूळ मात्र तिनं बानूबाईच्या ताटात मुद्दाम जास्त वाढला.

बानूबाई तडक उठली आणि बिभीषणाच्या दारात जाऊन उभी राहिली. तो पखवाजाला कणीक लावत बसला होता.

"भरलं का पोट तुमचं?"

त्यानं वर पाहिलं. "बानूबाई, म्या पांढराच टाकला."

"व्हय का!"

"ताल सुटत व्हता, खरंच सुटत व्हता. हितं समदी नुसत्या माना डोलवत्यात. कान असलेलं एक तरी मानूस पायजे व्हतं मला."

"घ्या येडाईची शपथ."

"घेतली."

"खोट्याला शपथंचं काय भ्या!" बानूबाई म्हणाली. "तुमचा पखवाज फुटंल एक दिवस, बघा." बिभीषणानं मान खाली घालून कणीक परत पखवाजावर थापली. खाली घातलेली मान म्हणजे कबुली, असं तिनं धरलं आणि ती परत फिरली.

खोलीत लक्ष्मीबाई चुलीशी चहा टाकत होती. डोळ्यांना पदर लावलेला. "आज नगं जाऊ गं. उद्याच्या यष्टीनं जा. माज्या जिवाला लई लागलं बग."

बानूबाईला गलबलून आलं. अकरा माणसांत एकानं दगा दिला, पण हे एक दार तरी आपलं आहे, एवढं घेऊन जायला हरकत नव्हती. तिनं लुगडी घडी करून बोचक्यात बांधली. पितळी तांब्या वर खोचला. जाण्याआधी देवीच्या पाया पडावं म्हणून ती देव्हाऱ्यापुढं उभी राहिली.

"त्या बिभीषणाला येडाईच बगून घील!" चुलीकडून लक्ष्मीबाई म्हणाली. "साकर टाकू का गं दोन चमचं?"

"टाक," बानूबाई म्हणाली आणि कपाळाला लावायला तिनं हळदीची वाटी उचलली.

वाटीखाली तांबड्या रेघेचा पांढरा खडा होता.