गल्लीवर पाणी
ताईने पत्रात लिहिलं होतं, ‘त्या शहरावर पाणी सोड, माझ्याकडे ये.’ मी उत्तर दिलं नव्हतं. गल्लीने मतं दिली नाहीत म्हणून नगरसेवकाने आमचे नळ कोरडे ठेवले होते. खालची शिंपीण टँकरवरून माझीही बादली भरून तीन जिने चढायची, आणि मी ओशाळायचो. गल्लीचा अर्ज लिहिताना मीच घोटाळा केला: ‘आमच्या गल्लीवर पाणी सोडावे.’ नगरसेवकाने तो सर्वांदेखत वाचला, हसून म्हणाला, “आजोबा, ते केव्हाच सोडलंय.” मी मान खाली घातली. शिंपिणीने मोबाइल वर धरला. “सगळं टिपलंय, साहेब. आता गल्लीत सोडा, नाहीतर शहरभर पाठवते.” सकाळी नळ आला, तरी ती बादली घेऊन वर आली. “सवय लागली, आजोबा.” ताईला लिहिलं, ‘गल्लीत पाणी सोडलंय. गल्लीवर मात्र मला सोडवत नाही,’ आणि पत्र कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आलो.