मागल्या रांगेतील हुंदका

केरबा शिंप्याने वर्षातील आपल्या सर्वांत आवडत्या चित्रपटाचे पोस्टर नेमाप्रमाणे दुकानावर लावले, तेव्हा अवघा चौक हसला. तो चित्रपट दोनच दिवसांत उतरला होता.

"ह्या मेंढीच्या सिनेमाला तुझ्याबिगर होतं कोण रे?" पानवाल्याने डिवचले.

"होतं कुणीतरी." हरवलेली मेंढी परतली त्या क्षणी ओस थिएटरात, मागल्या रांगेतून, केरबाने आणखी एक हुंदका ऐकला होता. त्या रसिकाच्या भेटीसाठी त्याचे अंतःकरण आतुर होते.

सायंकाळी मोठ्या मिशांचे हवालदार वर्दीचे बटण लावून घ्यायला आले. पोस्टर पाहताच त्यांचा आवाज खाली आला. "मेंढी घरी आली अन् मला रडू आवरेना. पण चौकात बोलू नकोस."

केरबाचे हृदय हर्षाने उचंबळले.

"सापडलं का कुणी?" पानवाला ओरडला.

"दोन चहा सांग," म्हणत केरबा हवालदारांसाठी खुर्ची पुसू लागला.