पुढच्या दाताला धक्का न लावता

"अहो, तीच ना तुमची पेशंट? डावीकडची, आखूड केसांची?" दातांच्या डॉक्टरांना बायकोनं कोपरानं ढोसलं.

"हळू बोल."

"हळूच बोलतेय. तिनं बोलावून दुसऱ्या रांगेत बसवलंय, आणि तुमचं तोंड बघा! स्वतःची दाढ काढायला आल्यासारखं."

मंचावर पाच वादक पितळी फुंकवाद्यं घेऊन अर्धगोल करून बसले होते. दोन ट्रंपेट, एक हॉर्न, एक ट्रॉम्बोन आणि टोकाला मांडीवर हंडा घ्यावा तसा ट्यूबा. पहिली रचना दणक्यात झाली. ती संपल्यावर वादकांनी वाद्यांच्या खिट्ट्या दाबून आतलं पाणी खाली सोडलं, तेव्हा बायको दचकली. "अगं बाई! थुंकतायत की काय!"

"वाफेचं पाणी असतं ते. पुढे बघ."

दुसरी रचना संथ होती. बाकीचे चौघे दबकत साथ करू लागले आणि पेशंटबाई ट्रंपेट घेऊन उभी राहिली. तिचा सूर सावकाश चढत गेला, चढत गेला, आणि वर टेकतो न टेकतो तोच फाटला. तिनं सावरून घेतलं. पुन्हा ती जागा आली, पुन्हा फाटला. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्याच. लोकांचं काय, लोक वाजवतात. डॉक्टरांचे हात मात्र मांडीवरून उठेनात.

घोळ याच हातांनी घातला होता. महिन्यापूर्वी ती दाढ भरून घ्यायला आली होती. खुर्चीत पडण्याआधी तिनं बजावलं होतं, "डॉक्टर, पुढच्या दातांना अजिबात हात लावायचा नाही हं. फुंकताना ओठ त्यांच्यावरच दाबला जातो, माझं सगळं वाजवणं त्यांच्यावर टेकलेलं आहे." छे छे, हे काय सांगायला हवं, असं म्हणून डॉक्टरांनी दाढ झकास भरली. मग पाहतात तर समोरच्या एका दाताचा कोपरा किंचित खाली उतरलेला. बाईचं तोंड बधिर, डोळे मिटलेले. डॉक्टरांचे हात शिवशिवले. कोपरा घासून सरळ व्हायला अर्धं मिनिट लागलं. दिसायला मात्र सुरेख! दोन दिवसांनी तिचा फोन आला, पुढे ओठाला काहीतरी वेगळंच लागतंय म्हणून. तेव्हा ते म्हणाले, "दाढ नवी भरलीय ना, तोंडाला सवय व्हायला वेळ लागतो." खोटं बोलायला तर अर्धं मिनिटही लागलं नाही.

संथ रचनेनंतर ती शेजारच्या तरुण ट्रंपेटवाल्याकडे झुकली. दोघांनी आपापल्या स्टँडवरची पानं बदलून घेतली. त्यानंतर वरचे सूर तो वाजवू लागला आणि ती खालचे. सभागृहात कुणाला पत्ता लागला नाही. डॉक्टरांना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

कार्यक्रम संपल्यावर ते मागच्या दारानं सटकणार होते, पण बायकोनं हाताला धरून लॉबीत नेलं. "इतकं प्रेमानं बोलावलंय, भेटायचंसुद्धा नाही? काय माणूस आहात हो!"

पेशंटबाई स्वतःच पुढे आली. "आलात! फार बरं वाटलं, डॉक्टर. आज मी माती खाल्ली, पण."

"छे, काहीतरीच! किती छान वाजवलंत," बायको म्हणाली.

"नाही हो. महिनाभर वरचा सूर लागतच नाहीये. सराव कमी पडतो, नाहीतर वय झालं, दुसरं काय. मीच आज सगळ्यांना सांगून टाकलं, यापुढे मुख्य ट्रंपेट माझ्या शेजारच्या पोराचा. मी मागे बसेन." ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते.

आत्ता सांग, आत्ता सांग, असं डॉक्टरांचं मन ओरडत होतं. तेवढ्यात हॉर्नवाला गालावर हात धरून मध्ये घुसला.

"तुम्हीच का ते डॉक्टर? माझी दाढ जीव खातेय, पण आमच्या धंद्यात तोंडात कुणाला हात घालू द्यायची भीती वाटते बघा. ही म्हणाली, पुढच्या दाताला धक्का न लावता काम करणारा एकच माणूस आहे. उद्या येऊ का?"

"नका येऊ," डॉक्टर म्हणाले.

"अहो!" बायको म्हणाली.

"दुसऱ्या कुणाकडेही जा. माझ्याकडे नको."

"का हो?"

डॉक्टरांना वर बघवेना. "पुढच्या दातांना हात लावू नका म्हणून सांगितलं, तरी मी लावतो."

हॉर्नवाला मोठ्यानं हसला. बायकोही कसनुशी हसली. पेशंटबाईच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, पण ओठ मिटले होते. वरच्या ओठाच्या आत तिची जीभ दातांवरून हळूहळू सरकत गेली, आणि एका जागी थांबली.